एक स्वरतंतू लुळा पडतो तेव्हा

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन हा वैद्य जाणकारांपुढे एक प्रयोग करून दाखवी. केकाटणाऱ्या डुकराच्या मानेतल्या बारीक नसा तो धाग्याने आवळी. जनावर धडपडत राही, पण आवाज बंद! गळ्यातल्या गाठी काढताना एका बाजूची नस दुखावली आणि मुलाचा आवाज अर्धाच उरला, अशीही नोंद त्याने करून ठेवली आहे.

श्रोतेहो, या नसेची वाट मोठी वाकडी. डावी नस आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग स्वरयंत्राकडे वर येते. वाटेत कुठेही इजा झाली की डावा स्वरतंतू लुळा पडतो. कधी थायरॉईडची शस्त्रक्रिया कारण असते, कधी फुफ्फुसाचा कर्करोग, कधी ऱ्हुमॅटिक तापाने झडप आवळून फुगलेला हृदयाचा कप्पा. कधी कारण सापडतच नाही. गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांचा डावा स्वरतंतू जबर सर्दीनंतर असाच निकामी झाला. २०१३ मध्ये त्यांनी ते स्वतः जाहीर केले.

बोलताना दोन्ही तंतू एकमेकांना भिडावे लागतात. एक जागचा हलला नाही की फटीतून हवा निसटते, वाक्य संपण्याआधी दम संपतो, पाणी पिताना ठसका लागतो.

नस काही महिन्यांत आपोआप सावरू शकते, म्हणून बहुतेकदा आधी वाचोपचार करतात. ठसका फार असेल तर लुळ्या तंतूत इंजेक्शन देऊन तो फुगवतात. १९११ मध्ये ब्रुनिंग्स या डॉक्टरांनी त्यासाठी पॅराफिन वापरले होते. आज हायलुरोनिक आम्ल किंवा रुग्णाचीच चरबी वापरतात.

कायमच्या उपायाची पद्धतशीर मांडणी १९७४ मध्ये जपानचे नोबुहिको इशिकी यांनी केली. गळ्यापुढच्या कूर्चेत छोटी खिडकी पाडायची आणि आतून सिलिकॉनचा ठोकळा बसवून लुळा तंतू मध्याकडे सरकवायचा. रुग्णाला सहसा पूर्ण भूल देत नाहीत, तो शस्त्रक्रिया चालू असताना बोलतो. सर्जन "आकडे मोजा" म्हणतात, कानाने आवाज पारखतात आणि ठोकळा कमीजास्त करतात. लुळा तंतू पुढेही हलत नाही, पण धडधाकट तंतू त्याला येऊन भिडतो. आवाज तिथेच, टेबलावर, भरू लागतो. शल्यशास्त्रात असा प्रसंग विरळा.

तेव्हा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर गुळण्यांवर भागवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या, आणि तंतू लुळा निघाला तर छातीचीही तपासणी करून घ्या.