प्रवासातील विजेची शिदोरी

इंदूरहून मुंबईस मुलाखतीसाठी निघालेला तरुण रात्री गाडीत लॅपटॉपवर चित्रपट पाहतो. पहाटे टिपणे उघडावयास जातो, तो बॅटरी रिकामी! अशा वेळी दोष बॅटरीचाच असतो असे नव्हे. 50 वॅट-तासांची बॅटरी 10 वॅट खर्च होत असता 5 तास पुरते. खर्च 20 वॅटवर गेला, की अडीचच तास. त्यात मोठा वाटा पडद्याच्या उजेडाचा. चित्र उलगडण्याचे काम खास मंडलाऐवजी मुख्य प्रोसेसरवर पडल्यास खर्च आणखी वाढतो; इंटरनेटवरून पाहिल्यास जोडणीसही वीज लागते. म्हणून चित्रपट घरीच उतरवून घ्यावा, डब्यातील दिवे मालवताच पडदाही मंद करावा आणि सकाळच्या कामापुरती वीज राखावी. पहिल्याच मुक्कामी शिदोरी संपविणारा प्रवासी शहाणा नव्हे.