बाळंतिणीचं डोकं दुखतं तेव्हा
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी कामाचा अहवाल वाचणार नाही. एका चुकीविषयी सांगणार आहे, आणि ती चूक माझी आहे.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पाड्यावरची ताई बाळंत झाली. दहाव्या दिवशी मी भेटायला गेलो. तीन दिवसांपासून तिचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "जागरनानं दुखते, भाऊ." घरात रीत अशी की बाळंतिणीला पाणी घोटभरच द्यायचं. मी प्रार्थना केली, "आराम करा" म्हणालो आणि निघालो.

पहाटे तिला झटके आले. उजवा हात लुळा पडला. अकोल्याला नेल्यावर स्कॅन झालं. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती आणि त्यामुळे थोडा रक्तस्रावही. तरीही डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली. घरचे घाबरले. पण मूळ दोष गुठळीचा होता, म्हणून उपचारही तोच. देवाच्या कृपेने ती वाचली. मात्र त्या हाताने तिला अजून भाकर थापता येत नाही. आदल्या दिवशीच मी गाडी बोलावली असती तर, हा प्रश्न मला सोडत नाही.

गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर साधारण ६ आठवडे रक्त लवकर गोठतं. त्यात पाणी तोडलं की धोका वाढतो. दुसरा मोठा शत्रू म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो झटके आणतो, मेंदूत रक्तस्रावही करतो. क्वचित 'मोयामोया'सारखा दुर्मिळ आजार निघतो. त्यात मेंदूच्या मोठ्या धमन्या अरुंद होत जातात आणि भोवती तयार झालेलं नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं फुटू शकतं. यातलं नेमकं काय आहे, हे डॉक्टरांनी स्कॅन करून शोधायचं. आपण तिला वेळेत पोहोचवायचं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. गर्भवती किंवा बाळंतिणीचं डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातापायातली शक्ती गेली किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दवाखाना. १६०/११० म्हणजे क्षणाचाही उशीर नको. झटक्यात तिला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. मनाने गोळी देऊ नका. आणि बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी पिऊ द्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी आपल्या पाड्यावरची एकही बहीण मागे राहू नये.

आता मंडळीला विनंती. आमच्या प्रत्येक सेविकेच्या पिशवीत पवित्र शास्त्राशेजारी रक्तदाबाचं यंत्र असावं. त्यासाठी हातभार लावा. आमची राहेल बेथलेहेमच्या वाटेवरच बाळंत झाली आणि वाटेतच गेली. सातपुड्याच्या वाटेवर कुणाची राहेल जाऊ नये, म्हणून प्रार्थना करा. आणि प्रार्थना संपताच गाडी बोलवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.