बर्फ कुणाच्या बापाचा?



बर्फावर बोलणार म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं. हसा. पण २०२५ सालभर ग्रीनलँडचा नकाशा पेपरात येत होता. ट्रम्प म्हणतो घेणार, डेन्मार्क म्हणतो विकायचा नाही. त्या नकाशात माणूस औषधालाही दिसत नव्हता. मी त्या माणसांचं बोलायला उभा आहे.

वायव्य ग्रीनलँडात उम्मानाक नावाची वस्ती होती. इनुघुइत लोकांची. सील, वालरस मारायचे, कुत्र्यांच्या घसरगाड्या हाकायच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. १९५१ साली अमेरिकेनं डेन्मार्कशी करार करून वस्तीच्या दारातच थुलेचा हवाई तळ उभा केला. रशियावर जायचा जवळचा रस्ता ध्रुवावरून जातो, एवढीच त्या जागेची किंमत. पुढं विमानविरोधी तोफांना जागा कमी पडली. मे १९५३ मध्ये हुकूम सुटला : उठा! २७ कुटुंबं, ११६ माणसं. घसरगाड्यांवर संसार टाकून शंभरावर किलोमीटर उत्तरेला कानाकला गेली. तिथं घरं तयार नव्हती. तंबूत राहिली.

तारीख बघा. ५ जून १९५३ ला डेन्मार्कची नवी घटना लागू झाली. ग्रीनलँड वसाहत राहिली नाही, कागदावर बरोबरीचा भाग झाली. माणसं हलवली ती त्याच्या काही दिवस आधी. योगायोग म्हणणारे म्हणोत. घटनेची भीती कुणाला वाटते हे तुम्हाला मी काय सांगू?

२१ जानेवारी १९६८. चार हायड्रोजन बॉम्ब घेतलेलं अमेरिकेचं विमान तळाजवळच्या समुद्रबर्फावर कोसळलं. अणुस्फोट झाला नाही, प्लुटोनियम मात्र सांडलं. डेन्मार्क जगाला सांगायचा, आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. आणि त्याच्याच पंतप्रधानानं १९५७ ला गुपचूप मान डोलावलेली! ते उघडं पडलं १९९५ ला.

इनुघुइत कोर्टात गेले. १९९९ ला निकाल लागला : सगळ्या जमातीला मिळून ५ लाख क्रोनर, माणशी १५ ते २५ हजार. पंतप्रधानानं माफीही मागितली. जमीन नाही. २००३ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं, आणि वर सांगितलं की इनुघुइत हे वेगळे लोक नाहीतच. म्हणजे उठवताना वेगळे, हक्क मागताना नाहीत!

आता आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापतंय. बर्फ पातळ होतो तसे कानाकच्या शिकाऱ्याचे घसरगाडीचे दिवस कमी होतात. धूर त्यानं नाही केला. त्याच वितळण्यात बाकीच्यांना जहाजाची वाट दिसते, खनिजं दिसतात. रशियानं २००७ ला ध्रुवाखाली समुद्राच्या तळाशी झेंडा रोवला. चीन २०१८ ला म्हणाला, आम्हीही आर्क्टिकच्या शेजारचे. शेजार बघा साल्यांचा!

२८ मार्च २०२५ ला अमेरिकेचा उपाध्यक्ष व्हान्स तिथं गेला. तळावर उतरला, सैनिकांशी बोलला, परत गेला. तळाचं नाव आता थुले नाही. २०२३ ला ते बदलून पिटुफिक केलं, त्या जागेचं लोकांच्या तोंडचं जुनं नाव. नाव दिलं परत. जागा सैन्याकडंच आहे.