शस्त्रक्रियेचे मोल



मधुमेहासाठी जठरावर शस्त्रक्रिया करावी असे कोणी सुचविताच आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. प्रश्न रास्त आहे, परंतु अर्धा आहे. शस्त्रक्रिया न करण्यालाही खर्च लागतो. तो हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो म्हणून जाणवत नाही, इतकेच.

स्वीडनमध्ये हा हिशेब चिकाटीने मांडला गेला. १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात स्थूल व्यक्तींचे दोन गट वर्षानुवर्षे पाहिले गेले; एकावर शस्त्रक्रिया झालेली, दुसरा नेहमीच्या उपचारांवर. १५ वर्षांचा जमाखर्च २०१५ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांना शस्त्रक्रिया महागच पडली. आधीपासून मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांच्या एकूण वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. औषधांवरील बचतीने शस्त्रक्रियेचा भार हलका केला होता.

म्हणजे पैसा वाचला नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तेवढ्याच पैशात डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे विकार सुमारे निम्म्यावर आले, हे कोणत्या रकान्यात मांडायचे? दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह शमला होता. १५ वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर उतरले, हेही सांगितलेच पाहिजे. रोग नुकताच जडलेल्यांना लाभ अधिक झाला. आपल्याकडे मात्र सारे उपाय थकल्यावर शल्यविशारदाचे दार ठोठावण्याची रीत!

आणखी एक भेद आहे. तेथे शस्त्रक्रियेचा खर्च व औषधांची बचत, दोन्ही मुख्यतः सरकारी तिजोरीच्या खाती पडतात. येथे विमा नसलेल्या कुटुंबाला रक्कम एकदम उभी करावी लागते आणि बचत येते ती थेंबाथेंबाने. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज स्वीडनच्या तक्त्यात नाही.