माझ्या वाटचं बोलू नकोस, शेजारी बस

इअरफोन लावलेत ना? आज पाहुणा कोणी नाही, मीच बोलणार आहे. गंमत बघा, तीन वर्षांपूर्वी याच माणसाला फोनवर साधं 'हॅलो' म्हणायची भीती वाटायची.

मी धाकटी डहाणूचा. समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. आई बाजारात मासळी विकते, तिचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जातो. आणि तिचा मुलगा? शेअर रिक्षात 'इथे थांबवा' म्हणवत नाही म्हणून पुढच्या नाक्यावर उतरून चालत मागे येणारा.

लोक म्हणायचे, 'लाजाळू आहे पोरगा.' पण लाजाळू माणूस थोड्या वेळानं मोकळा होतो. माझं तसं नव्हतं. चार दिवस आधीपासून छातीत धडधड, आणि नंतर रात्रभर 'मी असं का बोललो?' याची उजळणी. याला सोशल अँक्झायटी म्हणतात. भीतीपायी शिक्षण, काम, माणसं सुटायला लागली, की मदत घ्यायची वेळ झाली समजा.

माझी नोकरीची मुलाखत सुटली. डहाणू रोड स्टेशनपर्यंत गेलो आणि लोकल डोळ्यांदेखत जाऊ दिली. घरी सांगितलं, 'जागा भरली.' ते खोटं आठ दिवस टिकलं. मग आईला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, 'अरे, मला सांगायचंस ना! मीच केला असता त्यांना फोन.'

खरी गोम इथंच होती. लहानपणापासून माझ्या वाटचं आईच बोलत आली, अगदी मायेनं. पण प्रसंग टळला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते.

मग कळलं १४४१६ या नंबरबद्दल. टेलि-मानस, सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आता फोनला घाबरणाऱ्यानं फोन करायचा! तीनदा कट केला. चौथ्यांदा आईला म्हटलं, 'तू बोलू नकोस, नुसती शेजारी बस.' ती बसली. गप्प. तिच्यासाठी हे किती अवघड होतं, मलाच माहीत!

तिथून पुढे समुपदेशन सुरू झालं. छोट्या छोट्या पायऱ्या: आधी रिक्षा थांबवायची, मग दुकानात भाव विचारायचा, मग फोन. एक पायरी सोपी वाटेपर्यंत तीच पुन्हा पुन्हा.

अल्बर्ट एलिस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९ वर्षांचे असताना स्त्रियांशी बोलायला घाबरायचे. त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत शंभरावर अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलणं काढलं. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही! पण नकारानं काही बिघडत नाही, हे त्यांना कळलं. त्यांची विचारपद्धती मराठीत समजून घ्यायची असेल, तर ठाण्यात १९९० पासून काम करणारी डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था आहे.

माझी भीती पूर्ण गेली? नाही. आजही रेकॉर्डिंगआधी हात गार पडले होते. पण बोललो ना!

तुमचा कोणी मित्र असा असेल, तर त्याच्या वाटचं बोलू नका आणि 'घाबरतोस काय' असंही म्हणू नका. नुसते शेजारी बसा. आणि तो मित्र तुम्हीच असाल, तर आज एकाच माणसाला सांगा. बोलवत नसेल तर मेसेज करा. तीही पायरीच आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!