सामायिक दप्तर वारंवार का अडते?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



विस्तार अधिकारी बोलावयास उभा राहिला म्हणजे तो वाचनलेखनाच्या पातळ्यांविषयी बोलणार, हे आपण गृहीत धरून आला असाल. आज मी त्या विषयास हात घालणार नाही. गेली काही वर्षे शाळाभेटीस गेलो असता वर्गाविषयीच्या अडचणींपेक्षा एकच तक्रार माझ्या कानी अधिक पडते : “साहेब, माहिती भरली होती, परंतु कार्यालयाच्या सर्व्हरवर फाइल उघडत नाही.” ती दुरुस्त होते, आठ दिवसांनी पुन्हा तेच. मी संगणकतज्ज्ञ नव्हे, मी डी.एड. झालेला शिक्षक आहे. परंतु ज्या मुलाचा हातचा दर वेळी चुकतो, त्याचे केवळ उत्तर सुधारून भागत नाही, तो कोणत्या पायरीवर चुकतो हे पाहावे लागते, एवढे आपल्या व्यवसायाने मला शिकविले आहे. त्याच रीतीने या प्रश्नाकडे पाहू.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते उलगडून घेऊ. आपल्या कार्यालयांतून ज्याला सर्व्हर म्हणतात तो बहुतेक ठिकाणी एक साधा संगणकच असतो. त्यातील एक फोल्डर सर्वांना खुला केलेला असतो, आणि इतर संगणक राउटर नावाच्या पेटीमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचतात. गावच्या चावडीतील दप्तराचे कपाट डोळ्यांपुढे आणा. कपाटापर्यंतची वाट मोकळी हवी, कपाट कोठे आहे हे ठाऊक हवे, किल्ली आपल्यापाशी हवी, आणि हवी असलेली वही दुसऱ्याच्या हाती नसावी. फाइल उघडत नाही असे आपण म्हणतो तेव्हा या चारांपैकी एक गोष्ट अडलेली असते. वाट, पत्ता, किल्ली आणि वही. (दप्तर हा शब्द आपण मुलाच्या पाठीवरील पिशवीलाही वापरतो, दोन्हींचा एकमेकांशी किती निकट संबंध आहे ते पुढे येईलच.)

आता अनुभव सांगतो. माझ्या नोकरीच्या काळात एका कार्यालयात मी होतो; त्याचे नाव येथे घेत नाही. तेथे दर आठवड्यास सामायिक फोल्डर नाहीसा होई. पडद्यावर ‘नेटवर्क पथ सापडला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटे. कोणी म्हणे केबल खराब, कोणी म्हणे व्हायरस, आणि एका लिपिकबंधूंच्या मते यंत्रच म्हातारे झाले होते. एक तरुण माहीतगार येई, काही कळी दाबी, सर्व सुरळीत करून जाई. त्याने काय केले ते मात्र कोणी विचारीत नसे. अखेर मी शंभर पानी वही टेबलाशी दोरीने बांधली आणि प्रत्येकाने चार गोष्टी लिहाव्यात असे ठरविले : दिवस व वेळ, कोणता संगणक, पडद्यावरील नेमके शब्द, आणि त्याआधी काय घडले. पहिले दोन आठवडे लोक ‘चालत नाही’ एवढेच लिहीत. ‘पोट दुखते’ एवढ्यावर वैद्य औषध देत नाही, हे समजावून सांगितल्यावर नोंदी सुधारल्या.

महिन्याभराने वही चाळली तेव्हा गंमत दिसली. जवळजवळ सर्व तक्रारी गुरुवारी सायंकाळी किंवा शुक्रवारी सकाळी नोंदलेल्या होत्या. गुरुवारी तेथे देखभालीसाठी वीज बंद असे. वीज गेली की राउटर बंद पडे, आणि त्या साध्या राउटरला कोणत्या संगणकास कोणता क्रमांक दिला होता याची आठवण राहत नसे. वीज परत आली की जो संगणक आधी सुरू होई त्यास तो आधीचा क्रमांक देऊन टाकी. सर्व्हरला काल जो क्रमांक होता तो आज छपाईच्या संगणकाकडे! बाकीचे सारे संगणक मात्र जुन्याच क्रमांकावर सर्व्हरला शोधीत बसत. घर तेथेच होते, परंतु घरक्रमांकाची पाटी दर गुरुवारी बदलत होती. तो माहीतगार येऊन प्रत्येक यंत्रावर नवा क्रमांक लिहून जाई. म्हणजे उत्तर सुधारी, हातचा तसाच राही.

उपाय अर्ध्या तासाचा होता. राउटरच्या व्यवस्थेत सर्व्हरसाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवला आणि इतर संगणकांना त्याच्या क्रमांकाऐवजी नावाने हाक मारण्यास सांगितले. राउटरला एक लहानसा यूपीएस जोडला. त्यानंतर गुरुवारची तक्रार वहीत आली नाही. आपल्या केंद्रात असे घडल्यास एक सोपी परीक्षा करा. सर्व्हर नावाने उघडत नसेल तर क्रमांकाने उघडून पाहा. क्रमांकाने उघडला तर वाट ठीक असून नावाच्या ओळखीत दोष आहे. दोन्हींनी उघडला नाही तर सर्व्हरचा आजचा क्रमांक पाहा. तो १६९.२५४ ने आरंभ होत असेल तर राउटरकडून त्यास क्रमांक मिळालेलाच नाही. केबल निघाली असेल, अथवा राउटर जागा होण्यापूर्वीच सर्व्हर सुरू झाला असेल. अशा वेळी फोल्डरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

त्याही आधी विचारावयाचा प्रश्न असा, की अडचण सर्वांना आहे की एकालाच? सर्वांना असेल तर दोष सर्व्हरपाशी किंवा राउटरपाशी. एकाच संगणकास असेल तर त्याची केबल किंवा त्याची किल्ली, म्हणजे संकेतशब्द, पाहा. आणि एकच फाइल उघडत नसून बाकीच्या उघडत असतील तर वाट व पत्ता यांची चौकशी करून वेळ दवडू नका.

किल्लीविषयी थोडक्यात सांगतो. सर्व्हरवरील संकेतशब्द बदलला तरी आपला संगणक जुना शब्द जपून ठेवतो व तोच पुढे करीत राहतो. तो साठवलेला शब्द पुसून नवा भरावा लागतो. दुसरी गोष्ट, बिनासंकेतशब्दाचा ‘सर्वांसाठी खुला’ फोल्डर. विंडोज ११ ची २०२४ मधील सुधारित आवृत्ती असा पाहुणा म्हणून केलेला प्रवेश सहसा नाकारते. ‘काल चालत होते, नवा संगणक आल्यापासून चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा वेळी संरक्षण सैल करण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. फाइलींच्या देवघेवीची एसएमबी नावाची जी रीत आहे, तिच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतील छिद्रातूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही जुनी रीत आपोआप बसविणे बंद झाले. एखाद्या जुनाट यंत्रासाठी ती पुन्हा चालू करणे म्हणजे एका खोलीच्या सोयीसाठी वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा टाकणे होय. प्रत्येक केंद्रास स्वतंत्र नाव व संकेतशब्द द्यावा. कष्ट एकदाच पडतात.

आणखी एक मर्यादा बहुतेकांस ठाऊक नसते. सर्व्हर म्हणून साधा विंडोज १० किंवा ११ चा संगणक वापरला असेल तर त्यास एका वेळी २० जोडण्याच चालतात. एकविसावा दारातच थांबतो. माहिती देण्याच्या अखेरच्या दिवशीच सर्व्हर ‘बिघडतो’ असे आपण म्हणतो, त्या दिवशी तो पुष्कळदा केवळ भरलेला असतो.

आता वहीकडे वळू, कारण खरे नुकसान येथेच होते.

दौंडच्या मंडळींना आगगाडीचा दाखला चटकन पटेल. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी चालकाच्या हाती टोकन दिले जाई. टोकन हाती नाही तर गाडीने पुढच्या टप्प्यात शिरावयाचे नाही, असा कडक नियम. एक्सेलची फाइल आपण उघडतो तेव्हा असेच एक टोकन तयार होते. त्याच फोल्डरात, त्याच नावाची, परंतु आरंभी लाटेसारखी खूण आणि डॉलरचे चिन्ह असलेली एक लपलेली लहान फाइल निर्माण होते. ती असेपर्यंत दुसऱ्यास ‘ही फाइल अमुक व्यक्तीने संपादनासाठी अडविली आहे’ असा निरोप मिळतो. हा बिघाड नव्हे. हे संरक्षण आहे. परंतु फाइल उघडी असताना वीज गेली तर टोकन तसेच पडून राहते, जणू चालक ते खिशात घालून घरी गेला. मग जी व्यक्ती दोन दिवस रजेवर आहे तिच्या नावाने फाइल अडलेली दिसते. अशा वेळी ती फाइल खरोखर कोणी उघडलेली नाही याची सर्व्हरवरील उघड्या फाइलींच्या यादीवरून खात्री करावी आणि मगच ते शिळे टोकन काढून टाकावे.

आपण मात्र असे करीत नाही. आपण वेगळ्या नावाने प्रत जतन करतो. ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘अंतिम खरी’ आणि ‘हीच पाठवावी’ अशा चार फाइली मी एकाच फोल्डरात पाहिल्या आहेत.

त्याच कार्यालयातील एका हिवाळ्याची गोष्ट. ऊसतोडणीस आलेल्या कुटुंबांच्या कोप्यांवर जाऊन मुलांच्या याद्या करण्याचे काम चालू होते. हे काम आपल्या दोन्ही तालुक्यांना नवे नाही. एका शिक्षिकेने फडावर फिरून अकरा मुलांची नावे आणली आणि सामायिक यादीत दुपारी भरली. त्याच सकाळी दुसऱ्या एका गुरुजींनी, फाइल अडलेली दिसते म्हणून, तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. त्यांनी घरी बसून आपली नावे निष्ठेने भरली आणि दुसऱ्या दिवशी ती प्रत मूळ फाइलीवर आणून टाकली. ‘जुन्या फाइलीच्या जागी ही ठेवावी काय?’ असे यंत्राने विचारले, गुरुजींनी होय म्हटले. अकरा नावे गेली. ध्यानात घ्या, या वेळी पडद्यावर कोणताही दोष उमटला नाही. ज्या दिवशी यंत्राने अडविले त्या दिवशी आपण चिडलो, आणि ज्या दिवशी नुकसान झाले त्या दिवशी यंत्र अगदी सुरळीत चालले होते.

शिल्लक पाठ्यपुस्तकांचे संच त्या यादीवरून वाटले गेले. संक्रांतीच्या सुमारास शिक्षिकाबाई कार्यालयात आल्या व त्यांनी विचारले, “माझ्या कोप्यांवरल्या पोरांची पुस्तके कोठे आहेत?” यादीत नावेच नव्हती. सर्व्हरवर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय होती, परंतु ती कोणी चालू केलेली नव्हती. नावे मिळाली ती बाईंच्या पिशवीतील दुरेघी वहीत. पुस्तके पाठविली तेव्हा दोन कुटुंबे दुसऱ्या फडावर निघून गेली होती. गुरुजींना दोष देण्यास मी धजत नाही. टोकन म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ते सांगणे माझे काम होते.

म्हणून त्या कार्यालयात आम्ही मोठी सामायिक यादी मोडली. प्रत्येक शाळेची स्वतंत्र फाइल, भरणारा एकच, आणि तालुक्याची एकत्र यादी करणाराही एकच. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू केली, आणि दर शनिवारी संपूर्ण फोल्डरची प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर काढून ती कपाटात ठेवू लागलो. फोल्डरांच्या मांडणीस आदर्श बाहेरून आणावा लागला नाही. घोड नदी ओलांडली की लागणाऱ्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयीन दप्तराची जी शिस्त घातली ती आपल्याला परिचित आहे. सहा गठ्ठ्यांचा विचार संगणकासही लागू पडतो : चालू कामाचे निराळे, उत्तराची वाट पाहणारे निराळे, नष्ट करावयाचे निराळे.

फाइलींच्या नावांविषयी एक सूचना. विंडोजमध्ये फोल्डरांची व फाइलीची नावे मिळून संपूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरचिन्हांत बसावा लागतो. ‘शिक्षण’ हा शब्द आपल्या डोळ्यांस तीन अक्षरांचा दिसतो. यंत्र त्यात वेलांटी आणि हलन्ताची खूणही मोजते व त्यास सहा म्हणते. त्यामुळे शासकीय पत्राचा संपूर्ण विषय फाइलीस नाव म्हणून देण्याची आपली सवय लवकरच भिंतीला टेकते, आणि फाइल हलविताना विचित्र दोष दिसू लागतात. शाळेचा यू-डायस क्रमांक, विषयाचा एक शब्द आणि तारीख एवढे नाव पुरे. तारखेत तिरकी रेघ घालू नका, ती चालत नाही. आडवी रेघ घाला.

यंदाच्या गळीत हंगामातील याद्यांसाठी प्रत्येक केंद्रशाळेस तक्रारींची एक वही या मेळाव्याच्या अखेरीस देण्यात येईल. केंद्रप्रमुखांनी ती राउटरजवळ बांधून ठेवावी. कोप्यांवरील नावे संगणकात भरल्यानंतरही मूळ हस्तलिखित यादी हंगाम संपेपर्यंत शाळेतच राहू द्यावी; शाळाभेटीच्या वेळी मी ती आधी पाहीन, संगणक नंतर.