गावानं ठरवलंय



नवरा गेला की बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, पायातली जोडवी काढायची. हे करतं कोण? भावकीतल्या, शेजारपाजारच्या बायकाच. रडत रडत करतात. त्यांतल्या कित्येकींना ते नकोसंही असतं. पण भर गर्दीत ‘राहू द्या’ म्हणायचं कुणी? जी बोलेल ती वाईट ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. महाराजांनी आपल्या संस्थानात विधवाविवाहाचा कायदा केला होता, तो १९१७ साली. शिवाय कोरोनानं घराघरांतली तरणीताठी माणसं नेली होती. गावापुढं हा प्रश्न पोथीतला उरला नव्हता. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

नुसत्या ठरावानं काय होणार, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. इंग्रजी राज्यात विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. तरी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलंच. कायदा सरकारचा होता, गावाचा नव्हता. हेरवाडचा ठराव गावाचा आहे. मयताच्या घरी एखादी आत्याबाई पुढं सरसावली, तर घरातली सून आता म्हणू शकते, “आत्या, थांबा. गावानं ठरवलंय.” वाईटपणा तिच्या एकटीच्या माथी येत नाही. लोक काय म्हणतील, ही धास्ती उरत नाही; लोकांनी काय ते आधीच म्हणून ठेवलेलं असतं.

अवघड आहे ते पुढचं. बांगड्या राहिल्या, पण विधवेला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येतं का? लेकीच्या लग्नात हळद लावायला तिला पुढं करतात, की जावेला? काही ठिकाणी विधवांसाठी वेगळं हळदीकुंकू होतं. हेतू चांगलाच, पण त्यातलं ‘वेगळं’ मला खटकतं. दरवर्षीच्या यादीत तिचं नाव का नको? हे काम ग्रामसभेचं नाही. बोलावणं करायला निघालेल्या दोघीतिघींचं आहे, आणि त्यांत बहुधा एक सासू असतेच.